एक अख्खी नदी दाखवा : सहल कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सहल कंपन्यांचे मालक, सहलींची आखणी करणारी मंडळी आणि टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमच्या माहितीपत्रकांत नद्यांना तोटा नाही. हरिद्वारची गंगा आरती, प्रयागराजला त्रिवेणी स्नान, गुवाहाटीला ब्रह्मपुत्रेवर संध्याकाळची क्रूझ, लेहच्या सहलीत सिंधू-झंस्कार संगमावर फोटो, भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून नौकाविहार. वाचताना वाटतं, देशातल्या सगळ्या मोठ्या नद्या पाहून झाल्या. घरी आल्यावर आठवू लागलं तर आठवतो घाट, आरतीची गर्दी, वाहनतळ आणि चप्पल कुठे ठेवली होती ते. नदी ही त्या दिवसाच्या कार्यक्रमातली एक ओळ असते, नाश्ता आणि दुपारचं जेवण यांच्या मधली.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कृष्णा खोऱ्यात गेली. पावसाळ्यात रात्री-अपरात्री पाणीपातळी बघायची, लिहायची आणि वर कळवायची, हे काम ज्यानं केलंय त्याला नदीकडे बघायची जरा वेगळी खोड लागते. निवृत्तीनंतर मी आणि आमची मंडळी तुमच्यापैकी निरनिराळ्या कंपन्यांबरोबर फिरलो. जेवणाखाण्याबद्दल तक्रार नाही. बद्रीनाथच्या थंडीत गरम वरण-भात वाढणाऱ्या माणसांना नावं ठेवली तर पाप लागेल. तक्रार नदीची आहे आणि तिच्यावरचा उपाय तुमच्याच हातात आहे, म्हणून हे लिहितो.

देवप्रयाग घ्या. ऋषिकेशहून बद्रीनाथला जाणाऱ्या तुमच्या प्रत्येक बसला ते लागतं. रस्ता डोंगराच्या अंगाने वरून जातो, संगम खाली खोलात. बस थांबते आणि टूर मॅनेजर ओरडून सांगतो, "दहा मिनिटं हं मंडळी, फोटो काढा, जेवण पुढे गढवालच्या श्रीनगरला आहे." भागीरथी आणि अलकनंदा इथे मिळतात आणि इथून पुढे तिला गंगा म्हणतात, एवढं एक वाक्य कानावर पडतं. मग सेल्फी, मग हजेरी, मग बस सुटली.

त्या दहा मिनिटांत काय राहून जातं ते सांगतो. तिथले लोक खळाळत, आदळत येणाऱ्या भागीरथीला सासू म्हणतात आणि मुकाट येणाऱ्या अलकनंदेला सून. या सासूच्या वाटेवर वरच्या अंगाला २६० मीटर उंचीचं टिहरी धरण उभं आहे. तिचा बराचसा गाळ तिथेच खाली बसतो आणि देवप्रयागला किती पाणी पोचायचं ते धरणावर ठरतं. म्हणजे सासूचा आवाज आता वीजघराच्या वेळापत्रकाप्रमाणे चढतो-उतरतो. पायऱ्या उतरून खाली गेलं तर काठाच्या दगडात ठोकलेल्या लोखंडी साखळ्या दिसतात. साखळी घट्ट धरून घोट्याभर पाण्यात उभं राहिलं की पोटऱ्यांना ओढ लागते आणि वरून फोटोत गुळगुळीत दिसणारं पाणी काय चीज आहे ते कळतं. संगमाच्या वर रघुनाथाचं देऊळ आहे. १८०३ च्या भूकंपात त्याची पडझड झाली, ती दुरुस्त करून दिली दौलतराव शिंद्यांनी. बसमधली झाडून सगळी माणसं मराठी, आणि हे कुणी कुणाला सांगत नाही!

तुम्ही म्हणाल, गुडघे. खरं आहे, तुमच्या निम्म्या प्रवाशांचे गुडघे त्या पायऱ्यांना राजी नसतात. मग एक रात्र देवप्रयागला मुक्काम करा. ज्यांना उतरायचं ते सकाळी उतरतील, बाकीचे वर बसून चहा घेत दोन रंगांचं पाणी किती अंतरापर्यंत वेगळं वाहतं ते बघतील. चारधामच्या वेळापत्रकात एक रात्र सापडत नाही असं म्हणू नका. शेवटच्या दिवशी हरिद्वारच्या बाजारात खरेदीसाठी अर्धा दिवस सापडतो.

आणि वेळ देणं तुम्हाला जमत नाही असंही नाही. युरोपच्या सहलीत स्वित्झर्लंडला ऱ्हाइन नदीच्या धबधब्यासमोर तुम्ही आरामात वेळ देता. उंची तेवीस मीटर. आमच्या सह्याद्रीत पावसाळ्यात कुठल्याही घाटात याहून उंच पाणी पडतं, पण ते असो. पॅरिसला सीन नदीतल्या बोटीत तासभर बसवता, कानात माहिती देणारं यंत्र असतं, प्रत्येक पुलाचा इतिहास ऐकायला मिळतो. तीच माणसं, तेच प्रवासी, तीच कंपनी. नदी परकी असली की तिला इतिहास असतो, घरची असली की नुसतं पुण्य. हे काही बरोबर नाही.

काशीचंही तसंच. पहाटेची होडी तुम्ही दाखवता, त्याबद्दल धन्यवाद. पण होडीत बसल्यावर मोक्ष आणि मणिकर्णिका यांच्या पलीकडे काही येत नाही. गंगा तिथे वळून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे सगळे घाट पूर्वेला तोंड करून आहेत आणि उगवतं ऊन थेट पायऱ्यांवर येतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला नदी काठ कापते, आतल्या बाजूला वाळू टाकते. म्हणून इकडे उंच टणक काठावर शहर आणि समोर मोकळं वाळवंट. हे एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात आणि मग माणूस समोरच्या रिकाम्या काठाकडेही बघायला लागतो. दशाश्वमेधाच्या बांधणीशी नानासाहेब पेशव्यांचं नाव जोडलेलं आहे, पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, अहिल्याबाईंचा घाट. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला शिंदे घाट तर स्वतःच्याच वजनाने खचला, आणि शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ आजही कललेलं उभं आहे. आमच्यासारख्या बांधकामवाल्याला तिथून हलावंसं वाटत नाही. पायाखाली नदीचा गाळ आणि वर एवढा दगड, दुसरं काय होणार होतं?

पावसाळ्यात याच घाटांचं काय होतं तेही सांगा. वाराणसीत धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, आणि १९७८ च्या पुरात पाणी ७३.९० मीटरला गेलं होतं. आजही पूर आला की एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जायची वाट बंद होते आणि आरती गच्चीवर करावी लागते. ज्या पायरीवर बसून तुमच्या प्रवाशाने आरती पाहिली ती वर्षातले काही आठवडे नदीच्या तळाशी असते, हे कळल्यावर तो त्या पायरीकडे वेगळ्या नजरेने बघेल.

आता तुमचं कौतुक. नर्मदा परिक्रमेच्या बसयात्रा तुम्ही काढता. पायी चालणारे नाक मुरडतात, मी मुरडत नाही. साठीनंतर पाठीवर बोचकं घेऊन महिनोन्‌महिने चालणं सगळ्यांना झेपत नाही. या एकाच सहलीत नदी मालकीण असते. ती सतत उजव्या हाताला ठेवायची, मध्येच ओलांडायची नाही, हा नियम बसलाही लागू. अमरकंटकचं कुंड, भेडाघाटचे कडे, महेश्वरचा अहिल्याबाईंचा घाट, ओंकारेश्वरचं बेट, शूलपाणीची झाडी, आणि शेवटी समुद्राशी एवढं रुंद पाणी की पलीकडचा काठ दिसत नाही. तिथे दक्षिण तटावरून उत्तर तटाला जायची नाव भरतीच्या वेळेला सुटते. भरती मध्यरात्री असली तर मध्यरात्री. तुमचं पाच-सहा-सात, म्हणजे पाचला उठणं, सहाला नाश्ता, सातला बस, हे तिथे चालत नाही. चंद्र ठरवेल तेव्हा निघायचं. आणि गंमत म्हणजे एरवी नाश्त्याला पाच मिनिटं उशीर झाला तर चिडणारी माणसं तिथे वाळूत बसून गप्पा मारत वाट बघतात, तक्रारीचं एक अक्षर काढत नाहीत.

एकच मागणं. नर्मदा महाराष्ट्राला स्पर्श करते ती नंदुरबार जिल्ह्यात, पन्नासेक किलोमीटर. अक्कलकुव्यातलं मणिबेली हे सरदार सरोवरात गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी धरणांची रांग झाल्यापासून जुनी परिक्रमेची वाट जागोजागी पाण्याखाली गेली आणि नवी वाट वरून काढावी लागली. केवडियाला उंच पुतळा दाखवता, तेव्हा मागच्या पाण्याखाली काय आहे तेही सांगा. मी धरणाच्या खात्यातला माणूस आहे, धरणाविरुद्ध बोलायला मला कुणी पढवलेलं नाही. पण जे आहे ते आहे.

तर माझं म्हणणं असं की नर्मदेला जे करता ते दुसऱ्या नद्यांना करा. परिक्रमेचं पुण्य प्रत्येक नदीला नसेल, नसू दे. उगमापासून मुखापर्यंत एकच नदी धरायची आणि सोडायची नाही, एवढा नियम पुरे. आणि सुरुवात लांब नको, घरच्या कृष्णेपासून करा. साधारण १४०० किलोमीटर, चार राज्यं, बारा-तेरा दिवसांत होते. आखणी मी फुकट देतो.

पहिला दिवस क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळातल्या गोमुखातून कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी एकत्र पडतं. तुम्ही आजवर इथून लोकांना स्ट्रॉबेरीकडे नेलंत. यावेळी सांगा की या धारेतली कोयना सह्याद्रीच्या मागून लांबचा वळसा घेऊन कऱ्हाडला कृष्णेला पुन्हा भेटणार आहे, आणि ती भेट आपण दोन दिवसांनी बघणार आहोत. लोक वाट बघत राहतील. प्रीतिसंगमावर त्या दोघी अशा समोरासमोर येऊन मिळतात की तसा संगम सहसा बघायला मिळत नाही. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे.

मधे वाई. ढोल्या गणपतीला जाताना सगळे गणपतीचं पोट बघतात. तुम्ही प्रवाशांना देवळाच्या मागे न्या. मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार केलेली आहे. पुराचं पाणी भिंतीवर आपटू नये, दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. १७६२ साली रास्त्यांनी हे देऊळ बांधलं. आज आम्ही पुलाच्या खांबांना तसाच आकार देतो. हात लावून बघू दे लोकांना त्या दगडाला, किती पूर अंगावर घेतलेत त्याने! मग मेणवलीला नाना फडणवीसांचा घाट, साताऱ्याजवळ वेण्णेच्या संगमावरचं माहुली, पुढे औदुंबर.

सांगलीला देवळाआधी आयर्विन पूल दाखवा. १९२९ सालचा. सांगलीकर पावसाळ्यात या पुलापाशी पाणी किती फूट चढलं याच्या बातमीवर जगतो. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. पुलाखाली उभं राहून मान वर करून ते ५७ फूट कुठे येतात ते बघायचं, बस्स, दुसरं काही करायचं नाही. नंतर गणपती मंदिर आणि भडंग आहेच.

नृसिंहवाडीला तुम्ही दत्तदर्शनाच्या सहलीत जाताच. कोल्हापूरकडून येणारी पंचगंगा नदी इथे कृष्णेला मिळते. तिथलं सगळ्यात मोठं नवल तुम्ही आजवर विकलेलं नाही, कारण त्याची तारीख आधी छापता येत नाही. पावसाळ्यात पाणी चढत चढत देवळात शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. कोयनेतून विसर्ग किती, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले का, याचा हिशेब तिथला फुलं विकणारा पोरगाही तोंडावर सांगतो. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर मठात हलवतात. जगभर पूर आला की देव वाचवायची धडपड असते, इथे पाणी देवाला भेटायला आलं म्हणून माणसं ओल्याने नाचतात. पुरात सहल काढा असं मी म्हणत नाही, तसं कुणी काढू नये. पण ऑक्टोबरात गेलात तरी तिथल्या पुजाऱ्याला किंवा नावाड्याला बोलतं करा, भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते हाताने दाखवून सांगतात. जाताजाता पंचगंगेतली जलपर्णी आणि उन्हाळ्यातला फेस यांचाही विषय निघेल. निघू द्या.

इथवर महाराष्ट्र. आणि इथेच आपण नदीला सोडून देतो, जणू ती कुरुंदवाडला संपली. खरी मजा पुढे आहे. सांगली-कोल्हापुरात पूर आला की ज्याच्या नावाने बोटं मोडतात ते अलमट्टी धरण आपल्या डोळ्यांनी बघा, उंची ५१९ मीटरवरून ५२४ करायची की नाही यावर दोन राज्यं का भांडतात ते जागेवर उभं राहून समजून घ्या. तिथून जवळच कूडलसंगम. मलप्रभेच्या संगमावर बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ आहे, आणि खालच्या धरणाचा फुगवटा आल्यापासून ते विहिरीसारख्या गोल बांधकामात सुरक्षित ठेवलं आहे. चहूकडे पाणी आणि आपण पायऱ्या उतरत पाण्याच्या पातळीखाली जातो. मला स्वतःला सबंध नदीवर याहून चांगलं अभियांत्रिकीचं आणि भक्तीचं जोडकाम माहीत नाही.

मग कुरवपूर. श्रीपाद श्रीवल्लभांचं बेट. दत्तभक्त तिथे वर्षानुवर्षं जातात, गोल टोपलीवजा होडीतून पाणी ओलांडतात. औदुंबर, वाडी आणि कुरवपूर ही तिन्ही ठिकाणं एकाच नदीवर ओवलेली आहेत हे त्या होडीत बसल्यावर तरी कुणी सांगावं ना! गाणगापूर भीमेवर आहे, आणि ती भीमाही रायचूरच्या बाजूला कृष्णेलाच येऊन मिळते. म्हणजे पंढरपूरची चंद्रभागासुद्धा. आषाढीला जिच्या वाळवंटात उभं राहतो तिचं पाणी पुढे कुठे जातं, हा प्रश्न आम्हा मराठी माणसांना सहसा पडत नाही.

अलंपूरला तुंगभद्रेकाठी बदामीच्या चालुक्यांची नवब्रह्म मंदिरं आणि जोगुळांबेचं शक्तिपीठ. तिथलंच संगमेश्वराचं देऊळ मूळचं तुंगभद्रा आणि कृष्णा यांच्या संगमावरचं. श्रीशैलमच्या जलाशयात जाणार म्हणून दगड दगड सुटा करून इथे आणून पुन्हा उभं केलं. श्रीशैलमला तुमच्या ज्योतिर्लिंगाच्या सहली जातात, मल्लिकार्जुनाचं दर्शन होतं, १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेत इथे आले होते हेही आता सगळ्यांना ठाऊक आहे. लोक दोरवाटेने खाली जाऊन पाताळगंगेत हातपाय धुतात. ती पाताळगंगा म्हणजे वाईच्या घाटावरचीच कृष्णा आहे, हे मी जेव्हा शेजारच्या काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी ओंजळीतलं पाणी खाली सोडलं आणि पुन्हा भरून घेतलं.

पुढचा टप्पा नागार्जुनसागर. १९५५ साली धरणाचं काम सुरू झालं तेव्हा खोऱ्यात इक्ष्वाकू राजघराण्याची जुनी राजधानी, स्तूप, विहार असं सगळं पडलेलं होतं. पाणी चढण्याआधी उत्खनन करून अवशेष डोंगराच्या माथ्यावर नेले. तो माथा आता बेट आहे, लाँचने जायचं, वर संग्रहालय. जाताना लाँचखाली एक अख्खं शहर बुडालेलं आहे. मग अमरावतीचा स्तूप, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, आणि सरळ हंसलदीवी, जिथे कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे पंचतारांकित हॉटेल नाही, मुक्काम मागेच करावा लागेल. परत विजयवाड्याहून रेल्वेने.

हे सगळं विकलं जाईल का, अशी शंका तुमच्या हिशेबनिसाला येईल. मी सांगतो, विकलं जाईल. एकाच सहलीत ज्योतिर्लिंग आहे, शक्तिपीठ आहे, दत्तस्थानं आहेत, शिवाजी महाराज आहेत, बसवण्णा आहेत, बुद्ध आहे. तुमचा नेहमीचा प्रवासी यातल्या कशासाठी ना कशासाठी येणारच. फरक एवढाच की या सगळ्यांना जोडणारा दोर त्याच्या हातात द्यायचा.

गोदावरीबद्दल थोडक्यात. २०२७ च्या नाशिक सिंहस्थाच्या निमित्ताने तुमच्याकडे गर्दी होईल. पर्वणीला रामकुंडात पाणी असतं ते वरच्या गंगापूर धरणातून सोडलेलं, हे आधी सांगून टाका. आणि स्नान झालं की लगेच शिर्डीकडे बस वळवू नका. खाली निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. सिंहस्थातल्या पावसाळ्यात नाही जमलं तर हिवाळ्यात या, बदकांचे थवे उतरलेले असतात. नाशिकला सिमेंटमध्ये कोंडलेली गोदा तिथे श्वास घेताना दिसते.

खाली आंध्रात पापिकोंडलूच्या डोंगरांमधली बोटीची सफर आता तुमच्या काही दक्षिणवाऱ्यांत दिसते. जागा अप्रतिम आहे. पण १५ सप्टेंबर २०१९ ला कच्चुलुरूपाशी पर्यटकांची बोट बुडाली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. नदीला तेव्हा पूर होता. म्हणून तिथे आणि प्रत्येक नदीवर बोटीत बसवण्याआधी त्या दिवशी वरच्या धरणातून किती क्युसेक सोडलेत ते विचारत जा. फोन करायला पैसे पडत नाहीत. लाईफ जॅकेट "फोटोपुरतं घाला" असं सांगणाऱ्या टूर मॅनेजरला त्याच दिवशी घरी पाठवा. एका नौकाविहारात आम्हाला जी जॅकेटं मिळाली त्यांचे पट्टे तुटलेले होते आणि विचारल्यावर "काका, पाणी उथळ आहे" असं उत्तर मिळालं. उथळ पाण्यात किती माणसं जातात ते मी नोकरीत पाहिलंय.

राजमहेंद्रीजवळचा धवळेश्वरम बंधारा मात्र चुकवू नका. १८५२ मध्ये आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने तो पुरा केला, आणि दुष्काळाने होरपळलेल्या त्या मुलखाची भातशेती उभी राहिली. त्याचे पुतळे तिथले शेतकरी हार घालून पुजतात. इंग्रजाच्या गळ्यात झेंडूची माळ बघायची असेल तर हीच जागा.

ब्रह्मपुत्रेसाठी तुमची ईशान्येची सहल बदलावी लागेल. गुवाहाटीला दिव्यांच्या माळा लावलेल्या बोटीवर हिंदी गाणी ऐकून ती नदी कळत नाही. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून माजुलीला जाणाऱ्या फेरीत बसवा. मोटारसायकली, भाजीची पोती, शाळेची पोरं आणि तुमचे टोपीवाले प्रवासी सगळे एकाच फळीवरून चढतात. माजुली २०१६ पासून जिल्हा आहे, शंकरदेवांच्या परंपरेतली सत्रं, म्हणजे वैष्णव मठ, तिथे आहेत, सामगुडी सत्रात बांबू आणि मातीचे मुखवटे करताना बघता येतं. बेटाचा निम्म्याहून जास्त भाग गेल्या शतकभरात नदीने खाल्ला. तिथे दोन रात्री राहा, शिलाँगची एक कमी करा.

बाकी चंबळ आहे, धोलपूरच्या बाजूला हिवाळ्यात होडीतून सुसरी आणि पाणी चिरत उडणारे पाणचिरे दिसतात. भागलपूरजवळ गंगेत सोंस, म्हणजे आपला राष्ट्रीय जलचर, श्वास घ्यायला वर येतो. कावेरीकाठी तंजावरच्या मराठी राजांच्या खुणा आहेत. २०२३ मध्ये वाराणसी ते दिब्रुगड अशी ३२०० किलोमीटरची ५१ दिवसांची आलिशान नौका सुरू झाली, परदेशी पाहुणे तिच्यात बसून आपली नदी संथपणे बघत गेले. ते आपल्या खिशाचं काम नाही, आणि ५१ दिवस घर बंद ठेवून कोण जातो? पण एवढे पैसे मोजून परदेशातला माणूस नुसतं पाणी बघायला येतो, म्हणजे त्यात बघण्यासारखं काही तरी असेल, एवढा विचार तुम्ही करायला हरकत नाही.

शेवटी काही किरकोळ मागण्या. बसमध्ये पुढे नदीचा एक मोठा नकाशा लावा आणि रोज आज आपण कुठे आहोत तिथे टाचणी टोचा. रोज अर्धा तास तरी काठावर असा द्या की ज्यात दर्शन, खरेदी, अंताक्षरी काही नाही. होडीत माईक नको. निर्माल्य, जुने कपडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या पाण्यात सोडू देऊ नका. आमच्या पिढीला ही सवय आहे, टूर मॅनेजरने दरडावलं तरच सुटेल. आणि बायकांसाठी काठावर स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. नदीकाठच्या मुक्कामाला निम्मा नकार त्या एका कारणामुळे येतो.

कृष्णेची सहल काढलीत तर नोव्हेंबरातली तारीख धरा. पाऊस सरलेला असतो, धरणं भरलेली असतात, ऊन सोसवतं. पहिली दोन नावं आमची लिहून घ्या. परतीच्या रेल्वेत खालचे बर्थ द्यावेत, हिचे गुडघे दुखतात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पाटबंधारे खात्यातला एक निवृत्त कर्मचारी, जिल्हा सांगली

ता. क. : साताऱ्याहून कंदी पेढे भरपूर घेऊन ठेवा. पार विजयवाड्यापर्यंत टिकतात.